‘गुमराह’ बघून तुमचाही पोपट झाला का? अनुभव लिहा

मंडळी, परवा घरात ‘गुमराह’ लागला आणि संपल्यावर जेवणाच्या ताटावर वाद झाला. बायको म्हणते ठीकठाक, मुलगा म्हणतो बकवास. ७ एप्रिल २०२३ ला थेटरात आला होता, आदित्य रॉय कपूरचा डबल रोल. खून होतो, एका फोटोत मागे बाल्कनीतला चेहरा टिपला जातो, पोलीस त्या चेहऱ्याचा इंजिनिअर उचलून आणतात. आणि मग त्याच ठाण्यात दुसऱ्याच भानगडीत पकडलेला हुबेहूब तसाच एक भुरटा चोर हजर. इथवर मी मोबाइल पालथा ठेवला होता. तासाभराने तो परत हातात आला, यातच काय ते समजा.

तुम्ही कुठे, कसा पाहिलात आणि नेमका कुठे उतरला, ते लिहा. शेवटासकट लिहिलंत तरी चालेल. ज्यांना रसभंग नको त्यांनी इथूनच मागे फिरावं.

धुळेकर
आम्ही गेलो ते मृणाल ठाकूरसाठी. आमच्या गावात जन्मलेली पोरगी, खाकी वर्दीत, तपास तिच्याकडे. म्हटलं आता मजा येणार. पण तिला शोधायला ठेवलंय काय? ती प्रश्न विचारते आणि समोरचा अख्खा फ्लॅशबॅक सांगतो. वरचा साहेब रोनित रॉय, त्याने त्या इंजिनिअरवर जुना डूख धरलेला. म्हणजे सूड घेणारा पोलीसच, ही केवढी झकास गोष्ट होती! ती नुसती आरडाओरड्यात घालवली. मध्यंतरात समोसे घेऊन परत आलो तर तेच चालू: याला हाण, त्याला हाण, ‘बोल, तू होतास की तो?’

अड्यारची सून
चेन्नईत राहते, त्यामुळे याचा मूळ तमिळ सिनेमा ‘तडम’ २०१९ मध्येच पाहिला होता. अरुण विजयचा डबल रोल, दिग्दर्शक मगिळ तिरुमेनी. तेव्हा तमिळ जेमतेम कळायचं, तरी शेवटी पोटात कालवलं. कारण तिथे त्या इंजिनिअरच्या प्रेयसीवर वेळ खर्च केलाय. दोघांचं जमतं कसं, ती हट्टी कशी, हे सावकाश उलगडतं, म्हणून तिचं काय झालं ते शेवटी कळतं तेव्हा सूड आपलासा वाटतो. हिंदीत ती येते, गाणं होतं, जाते. मग खुनाचं कारण कळून मी फक्त ‘अच्छा’ म्हणाले. मधे २०२१ ला तेलुगूत राम पोथिनेनीचा ‘रेड’ही आला याच कथेवर. तोही पाहिलाय, पण नवऱ्याच्या हट्टापायी, त्यामुळे मत राखून ठेवते.

काळा कोट
कोर्टातला भाग बघताना शेजारच्याने मला गप्प बसवलं. दोघांपैकी कोण हे सिद्ध होत नाही, सबब दोघेही बाहेर, इतपत ठीक. संशयाचा फायदा आरोपीलाच. पण दोघांनी मिळून बेत आखला असं दाखवता आलं तर ‘कोण’ हा प्रश्नच उरत नाही. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३४, सामाईक इरादा, कटासाठी १२०-ब. एकाने वार केला, दुसऱ्याने त्याच बेतात भाग घेतला, तर दोघेही खुनाचेच आरोपी. शेवटच्या दहा मिनिटांत नेमकं हेच उघड होतं, आणि तोवर तपासात या दिशेने कोणी जोर लावलेला नसतो. हे दोघे जुळे भाऊ, आणि त्यांच्यातून विस्तव जात नाही एवढ्यावर पोलीस निर्धास्त!

सूक्ष्मदर्शक
सिनेमात डीएनएवरूनही दोघांपैकी कोण ते ठरत नाही, त्यावर हसू नका हो, तो भाग खरा आहे. एकाच बीजांडातून झालेल्या जुळ्यांचा नेहमीच्या चाचणीतला डीएनए सारखाच येतो. २००९ मध्ये बर्लिनच्या काडेवे या बड्या दुकानात दागिन्यांची चोरी झाली होती. हातमोज्यावरच्या घामातून डीएनए मिळाला, तो दोन जुळ्या भावांशी जुळला, आणि कुठला ते ठरेना म्हणून दोघांनाही सोडावं लागलं. मात्र बोटांचे ठसे जुळ्यांचेही वेगळे असतात. म्हणून असल्या कथेत खुन्याने ठसा ठेवून चालत नाही.

धाकटा दोन मिनिटांनी
मी जुळा आहे, लिहायलाच हवं. आम्ही दोघंही एकाच गावात राहतो. किराणावाला भावाची उधारी माझ्याकडे मागतो, न्हावी विचारतो ‘परवाच तर कापले?’, आणि भावाचा फोन माझं तोंड बघून उघडतो (त्याच्या बायकोला हे अजून पटत नाही). पण हे सगळं फक्त चेहऱ्यापुरतं. आमची आई पाठमोरं चालताना ओळखते. जिना चढतानाच्या चपलांच्या आवाजावरून सांगते कोण आलंय, मी टाच घासतो म्हणून. मोठी आत्या अंधारात खोकल्यावरून ओळखायची.

माझी निराशा इथेच झाली. सिनेमात दोघं भाऊ इतके वेगळे वाढलेले, एक बापाकडे, एक आईकडे. एक साहेबी, एक गल्लीतला. मग त्या दोघांना ओळखणारी माणसं ठाण्यात आणून बसवा ना! चोराचा दोस्त, इंजिनिअरचा मुकादम. कोणीतरी म्हणेल, हा खुर्चीवर असा बसत नाही. तिथे खरी गंमत होती. त्याऐवजी दोघांचे केस वेगळे केले आणि सुटले. एकदाच, कोठडीत दोघांची जुंपते तेव्हा कोण कुठला ते खरंच कळेना, तेवढ्यात मी सरळ होऊन बसलो.

उशिरा आलेली
सगळे तुटून पडलेत, पण मला आवडला बुवा. मूळ पाहिलं नव्हतं, तिकीट मैत्रिणीने काढलेलं. शेवटचा उलगडा मला आधी कळला नाही. आदित्यचा चोर चांगला जमलाय, इंजिनिअर जरा पुठ्ठ्याचा.

धागाकर्ता
उशिरा आलेली, आमच्या घरी तुमचा एक पक्का मतदार आहे. काळा कोट, ते कलम ३४ मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, मग पोलिसांनी आधी दोघांचे कॉल डिटेल्स का काढले नाहीत? याचं उत्तर कोणाकडे आहे का?

काळा कोट
काढले असते तर सिनेमा मध्यंतरालाच संपला असता.

धुळेकर
आणि आमचे समोशाचे पैसे वाचले असते.