अक्षरं दिसतात पण टाइप होत नाही

कन्सोल केबलने (सेटिंगसाठीची सीरियल केबल) संगणकाला जोडलेल्या राउटरचा बूट मजकूर (सुरू होताना येणाऱ्या ओळी) स्वच्छ दिसतोय, फक्त एंटर दाबून काही होत नाही, अशा तक्रारीवर कुणीतरी 'केबल बदला' असा सल्ला दिलाय. पटत नाही. बॉड रेट (सीरियल जोडणीचा वेग) चुकला असता तर कचरा अक्षरं आली असती, म्हणजे ९६०० बरोबर आहे. आधी फ्लो कंट्रोल (समोरचा तयार असेल तरच डेटा पाठवायची व्यवस्था) बघा. मिनीकॉममध्ये (लिनक्सवरचा टर्मिनल प्रोग्राम) हार्डवेअर फ्लो कंट्रोल बहुधा मुळातच चालू असतं, आणि समोरून सीटीएस (म्हणजे 'आता पाठव') सिग्नल मिळाला नाही तर संगणक एकही अक्षर पाठवत नाही. कंट्रोल-ए, मग ओ, सीरियल पोर्ट सेटअप, तिथे एफ दाबून ते 'नो' करा. सेटिंग डिफॉल्ट म्हणून सेव्ह करा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तेच. पुटीमध्ये (विंडोजवरचा तसाच प्रोग्राम) फ्लो कंट्रोल 'नन' ठेवा.

तरीही केबलवर संशय असेल तर निळ्या सिस्को केबलचा आरजे-४५ प्लग राउटरमधून काढा, त्याची ३ आणि ६ नंबरची (डेटा ये-जा करणारी) पिन बारीक तारेने जोडा (लोकल एको, म्हणजे प्रोग्रामने टाइप केलेलं स्वतःच दाखवणं, बंद हवा) आणि टाइप करा. अक्षरं परत उमटली तर केबल, यूएसबी चिप, ड्रायव्हर सगळं ठीक. घरगुती राउटरच्या बोर्डवरच्या टीटीएल (कमी व्होल्टेजच्या सीरियल) पिनांनाही फ्लो कंट्रोलचं हेच लागू, फक्त तिथे वेग बहुतेकदा ११५२००, आणि व्हीसीसीची (वीजपुरवठ्याची) तार जोडायचीच नाही.