सकाळची घाई आणि नाश्ता: रात्रीच काय काय करून ठेवता?

पावणेसातला शाळेची व्हॅन, सव्वासातची लोकल, आणि नाश्ता म्हणजे चहात बुडवलेली चार मारी बिस्किटं. त्यात प्रथिनं जेमतेम दीड-दोन ग्रॅम. मग अकराच्या आत पोटात खड्डा पडतो आणि समोर येईल तो वडापाव खाल्ला जातो. 'पौष्टिक खा' हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. इथे प्रमाण, वेळ आणि कुठे बिघडतं ते लिहा.

*

हिरव्या मुगाची धिरडी. रात्री एक वाटी (साधारण 150 ग्रॅम) मूग भरपूर पाण्यात भिजत घाला, सकाळी उपसून आलं, दोन मिरच्या आणि जिरं घालून वाटा. दोन चमचे तांदळाची पिठी घातली की कडा कुरकुरीत होतात. एवढ्या मुगात 35 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे तिघांत प्रत्येकी अकरा-बारा.

पीठ तव्यावर पसरत नाही, पळीबरोबर गोळा होऊन येतं, ही नेहमीची तक्रार. तवा फार तापलेला असतो, म्हणून पीठ पडताक्षणी धरतं. पाण्याचा हबका मारा, फडक्याने पुसा, आच कमी करा आणि मग घाला. वाटलेलं पीठ फ्रीजमध्ये दोन दिवस राहतं. मीठ मात्र धिरडी घालायच्या वेळीच घाला, आधी नको.

*

थालीपिठाची भाजणी घरात असेल तर अर्धी लढाई जिंकलीच. ज्वारी आणि बाजरी दोन-दोन वाट्या, तांदूळ आणि चणाडाळ एकेक, उडीदडाळ आणि धणे अर्धी-अर्धी, थोडं जिरं. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण दाण्याचा आकार वेगळा. एकत्र भाजलं तर तांदूळ कच्चा राहतो नाहीतर उडीद करपतो. पूर्ण गार झाल्याशिवाय गिरणीत देऊ नका. कोमट पीठ डब्यात भरलं की आत वाफ धरते आणि पिठाला बुरशी येते.

पीठ रात्री मळून ठेवायचा मोह टाळा. मिठामुळे कांद्याला पाणी सुटतं आणि सकाळी थापताच येत नाही. भाजणीत तिखट, हळद, तीळ कोरडंच मिसळून ठेवावं. सकाळी कांदा, मीठ, कोमट पाणी. तीन थालीपिठं पंधरा मिनिटांत होतात. सोबत वाटीभर दही.

*

पोह्यांबद्दल थोडंसं. नुसते पोहे म्हणजे बहुतेक पिष्टच. माणशी मूठभर (30 ग्रॅम) शेंगदाणे घातले की सात ग्रॅम प्रथिनं वाढतात. वाफवलेली मटकी घातली तर आणखी बरं. वरून लिंबू पिळाच, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं. त्यावर लगेच चहा घेतला तर उलट होतं, म्हणून चहा तासाभराने.

डब्यात न्यायचे असतील तर वाफ जाऊ देऊन झाकण लावा, नाहीतर लगदा होतो.

*

मोडांना वास येतो, चिकटपणा येतो, कारण पाणी नीट निथळलेलं नसतं. मटकी आठ तास भिजवा, चाळणीत पूर्ण निथळू द्या, मग सुती फडक्यात सैल बांधा. उन्हाळ्यात आठ-दहा तास पुरतात, थंडीत दिवसभर लागतो. ओलसर उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात, तेव्हा गरोदर बाई, लहान मुलं आणि वयस्कर माणसं यांना कच्चे मोड देऊ नका. पाच-सात मिनिटं चांगली वाफ द्या.

*

सकाळी घास उतरतच नाही त्यांच्यासाठी नाचणीची आंबील. माणशी दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ रात्री अर्धी वाटी पाण्यात कालवून ठेवा. सकाळी दीड वाटी पाणी उकळलं की ढवळत ढवळत ओता, नाहीतर गाठी होतात. पाच-सहा मिनिटं शिजवा. ताक आंबील कोमट झाल्यावरच, गरमात फुटतं. मीठ, जिरेपूड, हवा तर ठेचलेला लसूण.

मधुमेह असलेल्यांनी मात्र पातळ आंबिलीवर भागवू नये. शिजलेलं बारीक पीठ लवकर पचतं आणि साखर भरकन चढते. त्यापेक्षा नाचणीची भाकरी आणि उसळ बरी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या सकाळी घेऊन उपाशीपोटी घराबाहेर पडणं धोक्याचं आहे, साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी जाणवली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि मग खाणं.