परसातील पटिंग ग्रीनसाठी कोबा घालावा की खडीचा पाया करावा?

डिचोलीकर

नमस्कार. माझे वडील नोकरीच्या काळात गोव्याबाहेर गोल्फ शिकले. लांबचे फटके आता त्यांच्या खांद्याला झेपत नाहीत, मात्र पटिंगचा, म्हणजे चेंडू हलक्या टोल्याने जमिनीवरून घरंगळत होलमध्ये (भोकात) घालण्याचा, सराव रोज व्हावा अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. त्यासाठी घरामागच्या परसात सुमारे ८ मीटर लांब व ४ मीटर रुंद जागेवर कृत्रिम हिरवळीचे ग्रीन (पटिंगची जागा) करून घेण्याचे आम्ही योजले आहे. खाली जांभा असून वर तांबडी माती आहे. एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला दोन माड आणि कोपऱ्यात जुना फणस आहे. ठेकेदार म्हणतो की सरळ कोबा घालून त्यावर हिरवळ चिकटवावी. आपल्याकडच्या पावसात ते टिकेल का? झाडांपासून किती अंतर सोडावे आणि शेवाळाचा बंदोबस्त कसा करावा, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

बांधकाम, फोंडा

कोबा घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो, त्यामुळे इथे असे ग्रीन हे आधी पाण्याच्या निचऱ्याचे काम असते आणि मग हिरवळीचे. हिरवळीच्या पाठीला पाणी जाण्यासाठी छिद्रे असतात. खाली कोबा असला की त्यांचा उपयोग उरत नाही, पाणी मधल्या फटीत साचून राहते आणि डिंक सुटू लागतो.

वरची माती साधारण १५ सेंटिमीटर काढावी. त्या खड्ड्यात एखादी हातभर खोल खळी खणून ती संध्याकाळी पाण्याने भरावी आणि सकाळी पाहावी. पाणी तसेच उभे असेल तर खालच्या कडेला चर खणून त्यात छिद्रे पाडलेला १०० मिलिमीटरचा पाइप खडीत बसवण्याला पर्याय नाही. त्यानंतर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे, पण माती व खडी वेगळी ठेवणारे) अंथरावे, त्यावर सुमारे १० सेंटिमीटर खडी दोन थरांत, प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने (दाबण्याच्या यंत्राने) दाबून घालावी, आणि सर्वांत वर ३ ते ४ सेंटिमीटर क्रशरची बारीक डस्ट (दगडाचा चुरा) पसरावी. कापडाऐवजी प्लास्टिकची ताडपत्री घालण्याचा आग्रह कोणी धरला तर ठामपणे नकार द्यावा.

खरे कौशल्य या डस्टच्या थरात आहे. ती किंचित ओलवून ॲल्युमिनियमच्या पट्टीने ओढून घ्यावी, कॉम्पॅक्टर फिरवावा आणि मग अनवाणी पायाने टाच रोवून पाहावी. टाचेचा खोलगा उमटला तर पुन्हा दाबावे, कारण पटिंगच्या हिरवळीच्या आखूड पात्यांखालचा लहानसा खळगाही चेंडूची वाट बदलतो. दाबलेल्या डस्टमधून पाणी सावकाश मुरते, म्हणून दर मीटरला १ ते २ सेंटिमीटर उतार हवाच, आणि तो विहिरीच्या विरुद्ध दिशेला असावा.

पेडण्याची गोल्फप्रेमी

पायाबद्दल वर लिहिलेले सर्व योग्य आहे. मी हिरवळीविषयी लिहिते. अंगणाच्या शोभेसाठी मिळणारी ३५-४० मिलिमीटर पात्यांची हिरवळ पटिंगसाठी निरुपयोगी आहे. पटिंगची म्हणून खास विणलेली, साधारण १० ते १५ मिलिमीटर पात्यांची हिरवळ मागावी आणि परवडत असेल तर नायलॉनची घ्यावी, कारण नायलॉनची पाती दाबली गेल्यावर पॉलिप्रॉपिलीनपेक्षा लवकर उभी राहतात. तुमची रुंदी ४ मीटर आहे, तेव्हा तेवढ्याच रुंदीचा अखंड रोल मिळाला तर सांधाच येणार नाही. सांधा आलाच, तर दोन्ही तुकड्यांतील पात्यांचा कल एकाच दिशेला ठेवावा.

पात्यांमध्ये वाळवलेली बारीक सिलिका वाळू थोडी थोडी टाकून ब्रशने जिरवावी लागते. समुद्राची वाळू कुणी फुकट आणून देतो म्हटले तरी घेऊ नये. किनाऱ्यावरून वाळू उचलणे कायद्याला धरून नाही, शिवाय तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचे तुकडे असतात. गोल्फच्या नियमानुसार होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो आणि आतल्या कपाची कड पृष्ठभागापासून किमान २५.४ मिलिमीटर खाली असावी लागते. कप डस्टच्या थरातच पक्का करावा आणि त्याच्या बुडाखाली खडी भरावी, नाहीतर पहिल्याच पावसात तो काठोकाठ भरून राहील. होलभोवतीची हातभर जागा जवळजवळ सपाट ठेवा; तिथे चढउतार जास्त झाला तर चेंडू थांबतच नाही आणि सरावातला आनंद निघून जातो.

कुळागरवाला, सत्तरी

माडाची मुळे फणसासारखी जाड होत नाहीत, त्यामुळे ती पाया उचलतील ही भीती नको. उलट भीती माडासाठी आहे. त्याच्या अन्न घेणाऱ्या मुळांचा मोठा भाग बुंध्याभोवती सुमारे २ मीटरच्या वर्तुळात असतो. तिथली माती यंत्राने दाबली की आळे करायला आणि खत घालायला जागा उरत नाही व माड हळूहळू खंगतो. तेवढे वर्तुळ मोकळे सोडा आणि पाडेलीला (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला) वेळेवर बोलावून नारळ उतरवून घेत जा, कारण वडील खाली मान घालून उभे असणार. फणसापासून मात्र जमेल तितके दूर जा. त्याची मुळे पुढे पाया उचलू शकतात, आणि पिकून पडलेल्या फणसाचा चीक हिरवळीला लागला तर तो काढता काढता पाती उपटून येतात.

शेवाळ सावलीत आणि ओलीत वाढते, म्हणून पूर्ण सावलीची जागा टाळा. पूर्ण उन्हात मात्र एप्रिल-मे महिन्यांत हिरवळ इतकी तापते की दुपारी त्यावर अनवाणी उभे राहवत नाही. सकाळी ऊन आणि दुपारी सावली मिळणारी बाजू उत्तम. पानगळ साचू देऊ नका, पावसाळ्यात उघडीप मिळाली की जाड केसांच्या ब्रशने पाती उलट दिशेने झाडा, आणि विहीर जवळ असल्यामुळे ब्लीचिंगसारखे काहीही वापरू नका.

डिचोलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कोबा रद्द केला आहे. माडांचे वर्तुळ सोडल्यावर रुंदी ३ मीटरच उरते, पण वडिलांना लांबी हवी आहे, त्यामुळे ते समाधानी आहेत. काम आता मे महिन्यातच उरकून घ्यावे का?

बांधकाम, फोंडा

घाई करू नका. खोदाई आणि खडीचे थर मे महिन्यात करून एक पावसाळा त्यावरून जाऊ द्या. जिथे बसकण होईल किंवा पाणी थांबेल ती जागा आपोआप दिसेल. डस्ट आणि हिरवळ दिवाळीनंतर, पाया कोरडा झाल्यावर घाला, कारण ओलीवर सांध्यांचा आणि कडांचा डिंक धरत नाही.