1970 ला 450 हॉर्सपावर, 1972 ला 270: शेव्हेलचं नक्की झालं काय?

केतन_चिंचवड:
मंडळी, सध्या जुन्या अमेरिकन मसल कार्सवर (मधल्या साइजच्या गाडीत मोठं, दमदार इंजिन) जे मिळेल ते वाचतोय आणि एका ठिकाणी पार अडकलोय. 1970 ची शेव्हरोले शेव्हेल एसएस 454, एलएस6 इंजिन, 450 हॉर्सपावर. आता 1972 ची शेव्हेल बघा, इंजिन परत 454 क्यूबिक इंच म्हणजे आपल्या हिशोबाने जवळपास साडेसात लिटर, आणि पावर किती तर 270. दोन वर्षांत 180 घोडे गेले कुठे? जिथे तिथे लिहिलंय की तेलाच्या टंचाईने मसल कार संपवली, पण अरब देशांनी तेल बंद केलं ऑक्टोबर 1973 मध्ये, मग 72 च्या गाडीला आधीच फटका कसा बसला? ज्यांना माहितीये त्यांनी जरा सविस्तर लिहा, "पोल्युशनचे नियम आले" एवढ्यावर सोडू नका प्लीज.

सुहास_इंजिनवाला:
केतन, तारीख बरोबर पकडलीस. 72 च्या आकड्याशी तेलाचा काही संबंध नाही.
पहिली गोष्ट म्हणजे तू दोन वेगळी इंजिनं शेजारी ठेवलीयेस. 70 ला 454 दोन प्रकारात मिळायचं, एलएस6 450 चं आणि साधं एलएस5 360 चं. शेव्हेलमध्ये एलएस6 पुढच्या वर्षी आलंच नाही, 72 ला तुला दिसतंय ते एलएस5. म्हणजे 180 मधले 90 इथेच गेले.
आता मोठी गंमत. 71 पर्यंत कंपन्या छापायच्या तो ग्रॉस आकडा. इंजिन गाडीबाहेर टेस्ट बेंचवर, एअर क्लीनर काढलेला, फॅन नाही, अल्टरनेटरचा भार नाही, एक्झॉस्टला गाडीतला अरुंद पाइप आणि सायलेन्सर न लावता मोकळे हेडर्स (धूर बाहेर नेणारे सुटे पाइप), ठिणगी पडायचं टायमिंग पण सगळ्यात चांगलं जमेल तिथे ठेवायचं, आणि मग जो आकडा येईल तो ब्रोशरवर. 72 पासून सगळ्यांनी नेट आकडा द्यायला सुरुवात केली, म्हणजे गाडीत बसतं तसं सगळं लावून. शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने 71 ला दोन्ही आकडे दिले होते, त्यामुळे फरक उघड दिसतो: त्याच वर्षीचं तेच एलएस5, ग्रॉस 365 आणि नेट 285. बोल्ट पण न हलवता 80 घोडे कमी. मग 285 चे 72 ला 270 झाले. एका वर्षातली खरी घट म्हणशील तर ती एवढीच, 15.

प्रणाली_के:
सुहासदादा, पण कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल किती दाबलं जातं ते) कमी केलं होतं ना? ते तर खरंच इंजिनमधलं काम आहे, कागदावरचं नाही.

सुहास_इंजिनवाला:
हो प्रणाली, ते राहिलंच लिहायचं. जनरल मोटर्सचे प्रेसिडेंट एड कोल यांनी ठरवलं की 71 पासून आपली सगळी इंजिनं कमी ऑक्टेनच्या, कमी शिशाच्या पेट्रोलवर चालली पाहिजेत. कारण पुढे धूर साफ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर येणार होते (ते आले 75 ला) आणि पेट्रोलमधलं शिसं त्यांची वाट लावतं. शिसं टाकायचेच नॉकिंग (पेट्रोल आपोआप पेटून होणारी ठकठक) होऊ नये म्हणून, ते कमी केलं की कॉम्प्रेशन पण खाली आणावं लागतं. एलएस5 चं कॉम्प्रेशन 10.25 वरून 8.5 वर आलं.
आता हे बघा: कॉम्प्रेशन एवढं उतरलं तरी ग्रॉस आकडा 70 च्या 360 वरून 71 ला 365 झाला, म्हणजे चक्क वाढला! यावरून कळेल त्या काळच्या छापील आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा.

नानासाहेब_गॅरेज:
सुहासच्या बोलण्यात एक भर घालतो, इन्शुरन्स. मसल कार ही मुळात पोरांसाठी केलेली गाडी. 1964 ला जनरल मोटर्सच्याच पॉन्टिअ‍ॅकच्या जॉन डीलोरियन आणि मंडळींनी मोठ्या गाडीतलं 389 क्यूबिक इंचाचं इंजिन मधल्या साइजच्या टेम्पेस्टमध्ये बसवलं. कंपनीचा नियम होता की या साइजला 330 क्यूबिक इंचाच्या वर जायचं नाही, म्हणून वेगळं मॉडेल न काढता ऑप्शन पॅकेज म्हणून जीटीओ विकायला काढली. अंदाज होता 5000 चा, पहिल्याच वर्षी गेल्या 32 हजारांवर. मग काय, सगळेच मागे लागले. पण घेणारा विशीतला, हातात एवढी ताकद, अपघात व्हायचे ते झालेच, आणि इन्शुरन्सवाल्यांनी हॉर्सपावर आणि वय बघून प्रीमियम असे चढवले की हप्त्यापेक्षा तेच जड. मग कंपन्या मुद्दाम आकडा कमी छापायला लागल्या. फोर्डचं 428 कोब्रा जेट कागदावर 335 हॉर्सपावर, ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेसच्या ट्रॅकवर) उतरलं की कुणालाही कळायचं हे 335 नाही. म्हणजे एकीकडे फुगवलेले आकडे, दुसरीकडे दाबलेले. माझ्या मते तेलाची टंचाई येण्याआधीच इन्शुरन्सने या गाड्यांचं कंबरडं मोडलं होतं.

मिशिगनकर:
मी डेट्रॉइटजवळ राहतो. दर ऑगस्टमध्ये इथे वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ (जुन्या गाड्यांची मिरवणूक) असते, 1995 पासून चालू आहे, आणि हा तोच रस्ता जिथे साठच्या दशकात पोरं सिग्नल टू सिग्नल रेस लावायची. तिथे एका आजोबांनी त्यांच्या 70 च्या शेव्हेलचं बॉनेट उघडून दाखवलं होतं, ग्रॉस-नेटचं प्रकरण मला तिथे डोळ्याने कळलं. पट्ट्यावर फिरणारा भलामोठा फॅन, बाजूला अल्टरनेटर, पावर स्टिअरिंगचा पंप, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचे, जागा नाही म्हणून खाली घट्ट वळवलेले. यातलं प्रत्येक जण इंजिनकडून आपला वाटा घेतंय. बॉनेटच्या मागच्या टोकाला काचेजवळ एक झडप होती, गाडी पळताना काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती झडप उघडते आणि गार हवा थेट कार्ब्युरेटरला. फार सुंदर डोकं लावलंय हो. आणि आवाज, तो मला लिहून सांगता येणार नाही, छातीत जाणवतो.

केतन_चिंचवड:
वा, जबरदस्त माहिती, सगळ्यांचे मनापासून आभार. मग 73 च्या तेलाने नक्की काय केलं, काहीच नाही?

सुहास_इंजिनवाला:
केलं ना, उरलंसुरलं घेऊन गेलं. 74 ची फोर्डची मस्टँग टू आली तेव्हा तिला व्ही8 (आठ सिलिंडरचं इंजिन) मिळतच नव्हतं, चार नाहीतर सहा सिलिंडर. आणि 75 च्या कॉर्व्हेटचं (शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार) बेसिक इंजिन, 350 क्यूबिक इंचाचं व्ही8, 165 हॉर्सपावर, तेही नेटच. तुला खरी पडझड बघायची असेल तर 72 चं नेट आणि 75 चं नेट शेजारी ठेव, 70 चं ब्रोशर बाजूला राहू दे.