बहिणीच्या ग्रीन कार्डासाठी जन्मनोंद सापडत नाही : शपथपत्रात तारीख कोणती लिहावी?

नमस्कार. माझी धाकटी बहीण लग्नानंतर अमेरिकेत राहते. मेहुणे तिथले नागरिक असून तिचा ग्रीन कार्डाचा अर्ज, म्हणजे आय-४८५, प्रलंबित आहे. जन्मदाखल्याऐवजी शाळा सोडल्याचा दाखला जोडल्यामुळे तिथल्या इमिग्रेशन खात्याने जास्तीचे पुरावे मागणारे पत्र पाठवले. उत्तरासाठी ८४ दिवस मिळाले, त्यांतले ३१ गेले. सगळी कागदपत्रे एकदमच द्यावी लागतात, अर्धवट दिली तर आहे त्यावरच निकाल होतो, म्हणून अजून काहीच पाठवलेले नाही.

आमचे गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या जवळ. बहीण १९८९ साली घरीच, सुईणीच्या हातून जन्मली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात गाव पडले आणि ग्रामपंचायतीचे दप्तरही ढिगाऱ्यात गेले. गेल्या आठवड्यात मी पुनर्वसित गावच्या कार्यालयात दिवसभर बसलो. वाचलेल्या एका नोंदवहीची पाने एकमेकांना चिकटली होती. ग्रामसेवकांनी ती फूटपट्टीने अलगद सोडवून दाखवली, पण त्या वर्षाची पाने त्यात नव्हतीच. ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला ते देणार आहेत.

खरी अडचण पुढे आहे. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख १ जून लिहिली, जशी आमच्या खेड्यांत कितीतरी मुलांची लिहिली गेली, आणि तीच पासपोर्टवर आली. आई मात्र ठामपणे सांगते की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बहीण झाली, तेव्हा दावणीला बैलांच्या अंगावर झुली तशाच होत्या. बाळंतपणात जवळ असलेली चुलतीही तेच सांगते. या दोघींची शपथपत्रे करायची आहेत, आणि वकील म्हणतात, सरळ १ जून लिहा. खोट्या मजकुरावर आईचा अंगठा घ्यायला माझे मन तयार नाही. शिवाय मुलाखतीत विसंगती निघाली तर बहिणीच्याच अर्जावर येईल.

शपथपत्रात जन्माचे ठिकाण, आईवडिलांची नावे आणि पोळ्याची खूण खरी लिहून, शाळेत १ जून कशी लागली याचा खुलासा केला, तर ते ग्राह्य धरले जाते का? की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने आता उशिराची नोंद करून घ्यावी? पण इतक्या वर्षांनी झालेल्या नोंदीवर तिथला अधिकारी कितपत भरवसा ठेवेल, आणि उरलेल्या ५३ दिवसांत आदेश हाती पडेल का? मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचे असते, तेही लातुरात कोणाकडून करून घेतले हे कृपया कळवावे. भूकंपग्रस्त गावांतील कोणी या वाटेने गेले असेल, तर त्यांनी नेमके काय जोडले ते सविस्तर लिहावे, ही कळकळीची विनंती.