पायथनच उडवू नका हो
वर कोणीतरी लिहिलंय की पिप (पायथनची पॅकेजेस टाकायचं टूल) मोडलं तर पायथनच काढून परत टाका, ते प्लीज करू नका, उबंटू लिनक्समध्ये निम्मी सिस्टिम त्या पायथनवर चालते, हिंजवडीत आमच्या एका कलीगने हेच केलं आणि डेस्कटॉपच गायब, शनिवार गेला त्याचा.

माझं २०१८ मध्ये पिप १० आल्यावर सेम झालेलं, सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) अपग्रेड मारलं आणि लगेच पिपमधलं 'मेन' हे फंक्शन इम्पोर्ट होत नाही म्हणून एररची बोंब. होतं काय, नवीन पिप जाऊन बसतं यूएसआर-लोकल फोल्डरमध्ये, आणि बॅश (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्रॅम) मात्र यूएसआर-बिन फोल्डरमधल्या जुन्या स्क्रिप्टचा पत्ता धरून बसलेलं असतं, ती स्क्रिप्ट जे मेन शोधते ते पिप १० मध्ये आत 'इंटर्नल' नावाच्या भागात हलवलंय. माझं नुसत्या 'हॅश -आर'ने (बॅशने लक्षात ठेवलेले जुने पत्ते पुसणारी कमांड) काम झालं, नाहीच झालं तर 'पायथन३ -एम पिप' असं चालवून बघा.