भाऊ दिवसातून पाच-पाचदा कढत पाण्याने अंघोळ करतोय

मोठीताई:
धाकटा भाऊ, वय 25, पुण्यात आमच्याकडेच असतो. दिवाळीपासून ही तिसरी खेप. पहाटे उमासे सुरू होतात, मग पिवळं पाणी पडेपर्यंत उलट्या. दोनदा सलाईन लावून आणलं. सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी, सगळं नॉर्मल. पित्त म्हणून गोळ्या दिल्या. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. बरं वाटतं ते फक्त कढत पाण्याने. काल पहाटे चारला बाथरूममध्ये शिरला तो साडेपाचला बाहेर आला, पोट नि पाठ लालबुंद. आणि काल जीन्स धुवायला घेतली तर खिशात गांजाची पुडी. विचारलं तर म्हणतो, "मळमळ थांबावी म्हणूनच ओढतो. कॅन्सरवाल्यांनाही देतात." खरं असतं का हे?

रातपाळीवाला:
ताई, हे सगळं मी भोगलंय. कॉल सेंटरची रातपाळी, सहा वर्षं रोज घरी आल्यावर गच्चीवर दोन जॉइंट. पाचव्या वर्षी उलट्या सुरू झाल्या. 64 किलोचा 52 वर आलो. शेवटी एका शिकाऊ डॉक्टरने आईला बाहेर पाठवून दोनच प्रश्न विचारले: गरम पाण्याने बरं वाटतं का? गांजा किती ओढतोस? तोवर कुणी विचारलं नव्हतं, आणि मी तरी कशाला सांगतोय!
कॅनाबिनॉइड हायपरेमेसिस सिंड्रोम, म्हणजे गांजामुळे होणाऱ्या उलट्यांचा आजार. 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नोंदवला. भाऊ थापा मारत नाहीये. टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, केमोच्या उलट्यांवर औषध म्हणून वापरतात हे खरं. पण वर्षानुवर्षं रोज ओढलं की काहींच्या शरीरात गाडी उलटी फिरते. मग मळमळ होते म्हणून ओढायचं, आणि ओढतो म्हणून मळमळ.
उपाय एकच, पूर्ण बंद. पहिले दहा दिवस झोप नाही, घाम, चिडचिड. पोह्यांची बशी भिंतीवर फेकली होती मी. आठ महिन्यांनी मित्राच्या लग्नात "एकाने काय होतंय" म्हणून सुरू केलं. पंधरवड्यात परत बाथरूमच्या फरशीवर.

सिस्टर_कोथरूड:
आधी हे सांगा, गीझर गॅसचा आहे का? आणि बाथरूमच्या आत? दीड तास दार-खिडकी बंद करून तो चालला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. वास नाही, रंग नाही, माणूस आतच बेशुद्ध पडतो. गांजाचं नंतर बघू, हे आज बघा.
लघवी कमी झाली, चक्कर आली तर घरी थांबू नका. उलट्यांनी पाणी आणि पोटॅशियम उतरतं, किडनीवर येतं. डॉक्टरांना गांजाचं स्पष्ट सांगा. निदान तेच करतील, उलट्यांना इतरही कारणं असतात. सोडायला मदत हवी तर 14446 ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. आणि या दिवसांत बाइकची किल्ली तुमच्याकडे ठेवा.

मोठीताई:
गीझर गॅसचाच, आतच, आणि खिडकीला थंडी म्हणून पुठ्ठा लावलेला. आत्ताच काढला. नवऱ्याने प्लंबरला फोन केलाय.
भावाला फोन हातात देऊन सगळं वाचायला लावलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्या रातपाळीवाल्याला विचार, फरशीला गाल टेकवून झोपायचा का तो?"

रातपाळीवाला:
हो. डावा गाल. उद्या संध्याकाळी त्याला माझ्याशी बोलायला सांगा, मेसेजमध्ये नंबर पाठवतो.